सव्वीस रविवारांची बिस्किटं

माझी वहिनी पाकिटांचं ऐकते. हे मी चारचौघांत सांगितलं की लोक माझ्याकडेच काळजीने बघतात. पण मी शाळेच्या कचेरीत अठ्ठावीस वर्षं कारकुनी केलेली बाई आहे, मला उगाच काही भास होत नाहीत. ती खरोखरच ऐकते. समोर कोणी चहाचं, साबणाचं, मेणबत्त्यांचं पाकीट ठेवलं की ती ते कानाशी नेते, डोळे मिटते आणि अंगठ्याने हळूच चोळत राहते. मग इतका वेळ जातो, की वाटावं बाईला डुलकी लागली. समोरचा माणूस खुर्चीत चुळबुळ करतो, माझा चहा निवून जातो, खिडकीचा पडदा फुगतो आणि पुन्हा बसतो. शेवटी ती डोळे न उघडताच म्हणते, "तीन थर आहेत. मधला चंदेरी. हे पुढच्या वर्षी चालणार नाही."

हेच तिचं काम. लहान कारखानदारांना आपला माल कशात बांधावा ते सांगायचं, आणि नियम बदलला तरी त्यांचं कंबरडं मोडणार नाही अशा बेताने सांगायचं. नियम तर सारखे बदलतात. एक पत्रक येतं, की अमुक जाडीच्या खालचं प्लास्टिक बंद. सहा महिन्यांनी दुसरं येतं, की जाडी कितीही असो, थरावर थर चिकटवलेलं बंद, कारण ते नंतर कोणालाच सुटं करता येत नाही. तिसरं म्हणतं कागद चालेल. चौथं म्हणतं कागद चालेल, पण आतून प्लास्टिकचं अस्तर असेल तर तो कागद समजला जाणार नाही. ही पत्रकं मोठ्याने वाचायचं काम माझं. वहिनी म्हणते, "वन्सं, तुम्हीच वाचा. तुमच्या आवाजात भांडण असतं, त्यामुळे मी जागी राहते."

मी खालच्या मजल्यावर एकटी राहते, वर दादा आणि वहिनी. दादा घड्याळं दुरुस्त करतो. पुढच्या खोलीत त्याचं टेबल आहे, त्याच्यावर पाच-पंचवीस घड्याळं, आणि त्यातली दोन एकच वेळ दाखवतील तर शपथ. मधल्या खोलीत वहिनीचं कामाचं टेबल, आणि जिथे म्हणून जागा आहे तिथे पाकिटं. दोऱ्यावर वाळत घातलेली, पाण्याच्या बादलीत बुडवलेली, गादीखाली दाबून ठेवलेली. दुपारचं ऊन त्या पारदर्शक पाकिटांतून आत आलं की भिंतींवर फिकट हिरवे, गुलाबी तुकडे सरकू लागतात, घड्याळं आपापल्या तालात टिकटिकत असतात, आणि चार वाजलेत की दोन हे कळेनासं होतं. मी कितीदा तरी हिशोबाने पाच मिनिटांसाठी वर गेले आणि संध्याकाळ करून खाली आले.

लोक येतात ते घायकुतीला येऊन. म्हणतात, "ताई, आज काय चालतं तेवढं सांगा." वहिनी म्हणते, "आजचं तुम्हाला छापखानेवालासुद्धा सांगेल. आपण असं काहीतरी बघू, की ज्याच्यावर पुढची चार पत्रकं आली तरी बोट ठेवता येणार नाही." म्हणजे कमीत कमी, एकाच जातीचं, आणि ज्याचं पुन्हा काहीतरी होईल असं. मग ती त्यांच्याच हातांनी त्यांचाच माल सोडायला लावते. वस्तू टेबलावर, बाकी सगळं जमिनीवर. एका साबणवाल्याच्या पायाशी खोकं, खोक्यातला कागद, कागदातली पन्नी आणि पन्नीखालची तबकडी असा ढीग पडला. वहिनीने वडी तळहातावर घेतली आणि अगदी काळजीने विचारलं, "हिला थंडी वाजते का?" त्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यानंतर ती घरचा अभ्यास देते. आठ दिवस आपल्या मालाचं रिकामं बांधणं आपल्याच झोपायच्या खोलीत ठेवायचं, बाहेर टाकायचं नाही. मेणबत्तीवाल्याच्या बायकोने तिसऱ्या दिवशी मेणबत्तीवाल्यालाच त्या ढिगासकट व्हरांड्यात काढलं.

हे सगळं ती का करते, ते मला तिच्या स्वप्नामुळे कळलं. या कामाआधी वीस वर्षं ती पाकिटांची पन्नी बनवणाऱ्या कारखान्यात होती. तीन थरांची ती चकचकीत पन्नी, जिच्यातून ना हवा जाते ना ओल, ती जुळवण्यात वहिनीचा हात होता आणि तिला त्याचा अभिमान होता. कारखाना सोडल्यावर तिला एकच स्वप्न पडू लागलं. सकाळचं धुकं आहे, रस्त्यावर कोणी नाही, आणि वीस वर्षांतली सगळी पाकिटं वाऱ्यावर हळूहळू घरंगळत येतायत. घाई नाही, आवाज नाही. एकेक येतं आणि दाराशी बसतं. "रागावलेली नसतात हो," ती मला म्हणाली होती. "आपलं घर सापडल्यासारखी बसतात." मी तिला म्हटलं, रात्रीचं हलकं जेवत जा. पण ते स्वप्न मलाच पुढे आठ दिवस पुरलं.

मागच्या वर्षी तिचं एक काम फसलं. एका चहावाल्याला तिने सहा महिने खपून नवं पाकीट ठरवून दिलं, त्याने ते छापून घेतलं, आणि नवव्या दिवशी पत्रक आलं की तसलं अस्तर बाद. चहावाला चार शब्द बोलला आणि विसरला. वहिनी मात्र खिडकीजवळच्या पलंगावर आडवी झाली ती तीन महिने उठली नाही. आजारी नव्हती. ताप नाही, खोकला नाही. विचारलं की मान हलवायची, पुढ्यात ठेवलं की खायची, पण शब्द म्हणून बोलायची नाही. भिंतीवरचे रंगीत तुकडे सरकताना बघत राहायची. दादा दिवसभर तिच्या उशाशी बसून असायचा. बाहेर लोक घड्याळं न्यायला येऊन परत जायचे. मी खूप बोलून पाहिलं, मुद्दाम वाकडं बोलूनही पाहिलं. भिंतीशी बोलल्यासारखं वाटायचं. त्या तीन महिन्यांत माझा भाऊ दहा वर्षांनी म्हातारा झाला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तिला उठवलं ते बिस्किटवाल्या बाईंनी. या बाईंचा कारखाना आजोबांपासूनचा, अडतीस बायका कामाला, आणि बिस्किटं त्या चकचकीत तीन थरांच्या पन्नीतच. पत्रकाप्रमाणे ती पन्नी बंद व्हायला आठ महिने उरले होते. बाई सरळ पलंगाच्या कडेवर येऊन बसल्या आणि पुडा वहिनीच्या हातात देऊन म्हणाल्या, "माझं बिस्कीट सहा महिने कुरकुरीत राहिलं पाहिजे. तेवढे महिने ते लांबच्या गोदामांत पडून असतं. सांगा कशात घालू." वहिनीने बराच वेळ पुडा नुसताच धरला. मग तो कानाशी नेला. दादा स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभा राहिला आणि मला म्हणाला, "पाणी दे गं थोडं."

महिनाभरात तिने एक कागद शोधला. प्लास्टिकचं अस्तर नाही, वरून फक्त एक पातळ लेप, पुन्हा लगदा होऊ शकेल असा. नियम नव्हे, नियमांचा बापही त्याला हात लावू शकला नसता. प्रश्न एकच होता, बिस्कीट त्यात सहा महिने टिकतं का. प्रयोगशाळेपुढे सगळ्या गावाचे कारखानदार रांग लावून होते, तिथला निकाल मुदतीनंतर आला असता. म्हणून वहिनीने चाचणी घरातच मांडली. सहा-सहा बिस्किटांची पाकिटं, तीन जागा. चुलीवरच्या फळीवर वाफेची जागा, कपाटात अंधाराची, खिडकीत उन्हाची. प्रत्येक जागी सव्वीस पाकिटं, आठवड्याला एक याप्रमाणे. दर रविवारी सकाळी तिन्ही जागांचं एकेक पाकीट उघडायचं, आम्ही तिघांनी डोळे मिटून बिस्कीट मोडायचं, आवाज ऐकायचा, मग चावायचं. ताज्या बिस्किटांशी तुलना करायला बाई दर शनिवारी सकाळी एक डबा पाठवायच्या.

ते रविवार मला फार आवडायचे. तिघं म्हातारी होऊ घातलेली माणसं टेबलाभोवती डोळे मिटून बसलेली, आणि मध्येच एक 'कुडुम'. वहिनी प्रत्येक रविवारी थोडी जास्त बोलायची. दहाव्या रविवारी तिने गाणं गुणगुणलं. विसाव्या रविवारी माझ्या चष्म्याची टर उडवली. पाकीट पास होत होतं, आठवड्यामागून आठवडे, तिन्ही जागी, आणि वहिनी त्याच्याबरोबर उभी राहत होती. पंचविसाव्या रविवारनंतर मी अहवाल लिहायला घेतला. सोमवारी बाई त्यावर सही करणार आणि पाकिटांवर 'सहा महिने' असं छापायला देणार, असं ठरलं.

शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवशी दुपारी मी अहवाल घेऊन वर गेले. वहिनी बाहेर गेली होती. दादा टेबलाशी पाठमोरा बसला होता, डोळ्याला भिंग, हातात घड्याळ उघडायचं ते कागदासारखं पातळ पातं. मला वाटलं, एखादं नाजूक घड्याळ असेल. जवळ गेले तर समोर वाफेच्या जागेचं सव्विसावं पाकीट, मागच्या शिवणीवर अलगद उघडलेलं. बाजूला बाईंचा ताज्या बिस्किटांचा डबा. तो पाकिटातलं बिस्कीट काढत होता आणि डब्यातलं आत घालत होता.

"दादा, काय करतोयस?"

त्याने भिंगसुद्धा काढलं नाही. "पंधराव्या आठवड्यापासून मऊ पडतायत," तो म्हणाला.

सुरुवात हावरटपणातून झाली होती. त्याला शनिवारी राहवत नसे, म्हणून रविवारचं पाकीट तो आदल्या दिवशीच हळूच उघडून एक बिस्कीट खायचा, डब्यातलं एक आत घालायचा आणि शिवण गरम सुईने बंद करायचा. त्याच्या हातांना ते काय अवघड? पंधराव्या शनिवारी बिस्कीट तोंडात टाकलं आणि ते मोडलंच नाही, नुसतं वाकलं. त्या दिवशी त्याने सहाच्या सहा बदलली. तेव्हापासून दर शनिवारी.

"तुला कळतंय का काय केलंस ते?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "बाई सोमवारी छापायला देतायत. सहा महिने म्हणून गोदामात माल जाईल आणि मऊ होऊन परत येईल. अडतीस बायका आहेत तिथे. आणि वहिनीचं नाव?"

"कळतंय."

"मग?"

त्याने भिंग काढलं. डोळे लाल झाले होते. "त्या पलंगावर ती पुन्हा झोपली ना," तो म्हणाला, "तर या वेळी मला तिला उठवता येणार नाही. मला तेव्हाही आलं नव्हतं."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. आमच्या घरात ओरडण्याचं काम माझ्याकडेच आहे आणि मी ते कधी टाळत नाही. पण घड्याळं आपली वाजत होती, भिंतीवर गुलाबी तुकडा पलंगाच्या दिशेने सरकत होता, आणि मी नुसतं डब्याचं झाकण लावलं. "उद्या मी सांगतो तिला," तो म्हणाला. मी अहवाल काखोटीला मारून खाली आले.

रविवारी त्याने सांगितलं नाही. आम्ही तिघं टेबलाशी बसलो, डोळे मिटले. वहिनीने वाफेचं बिस्कीट मोडलं आणि ते असं खणखणीत वाजलं, की ती हसली. मी डोळे उघडले तर ती हसतच होती, मिटल्या डोळ्यांनी, खिडकीतून येणाऱ्या उजेडात. मी माझं बिस्कीट चावलं. इतकं चांगलं बिस्कीट खाताना मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मीही काही बोलले नाही. त्या क्षणी मी दादापेक्षा काही वेगळी नव्हते.

सोमवारी सकाळी धुकं होतं. दादा धुतलेला शर्ट घालून जिन्यात उभा. "मी पण येतो," म्हणाला. वहिनीला नवल वाटलं, कारण तो कधीच तिच्या कामाला जात नसे. कारखान्यात बाईंच्या खोलीला एका बाजूने काच आहे, पलीकडे लांब टेबलांशी पांढरे रुमाल बांधलेल्या बायका पुडे भरत होत्या, आणि भाजलेल्या पिठाचा वास असा भरून राहिला होता की गुंगी यावी. बाईंनी अहवाल वाचला. शेवटच्या पानावर आल्या, पेनाचं टोपण काढलं. मी तोंड उघडलं. पण त्याआधी दादाच बोलला.

"सही करू नका. ती बिस्किटं मी बदललीयत."

त्याने सगळं सांगितलं, उभ्यानेच, एकदाही वहिनीकडे न बघता. का, तेही सांगितलं. पलंगाचंही. बाईंचं पेन तसंच हवेत होतं. मी वहिनीकडे बघत होते. तिने डोळे मिटले. मागच्या वर्षी अगदी असंच मिटले होते. यंत्रांची घरघर चालू होती, काचेपलीकडे रुमाल हलत होते, आणि किती वेळ गेला कोण जाणे.

"मऊ कधी पडली?" वहिनीने विचारलं. "कुठली कधी?"

दादाने खिशातून वही काढली. घड्याळजीची सवय. कुठलं घड्याळ किती सेकंद मागे पडतं, कधीपासून, ते तो टिपून ठेवतो. वाफेची जागा, पंधरावा आठवडा. अंधाराची, सतरावा. उन्हाची, अठरावा. त्यापुढे प्रत्येक शनिवारी बिस्कीट किती वाकलं आणि कितव्या चाव्याला तुटलं, तेही लिहिलेलं. वहिनीने दोन्ही पानं सावकाश वाचली. मग बाईंना म्हणाली, "पाकीट चौदा आठवड्यांचं आहे. मी तुम्हाला सव्वीस सांगणार होते. चूक माझी. चाचणी घरात मांडली आणि घरात माणसं राहतात हेच विसरले."

"मग छापू काय?" बाईंचा आवाज कोरडा होता.

"तीन महिने."

"लांबच्या गोदामांतून माल तीन महिन्यांत उठत नाही."

"नाही उठत. एक तर ती सोडायची, नाही तर त्यांच्याकडे थोडा थोडा, वरचेवर पाठवायचा. दुसरी पन्नी मी तुम्हाला शोधून देऊ शकते, सहा महिन्यांची. पण ती पुढच्या नाही तर त्याच्या पुढच्या पत्रकात बाद होईल. मग तुम्ही पुन्हा माझ्याकडे याल."

बाई उठून काचेशी गेल्या. आमच्याकडे पाठ करून बराच वेळ त्या टेबलांकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता ही बाई आम्हाला दाराबाहेर काढणार, आणि काढलं असतं तरी मी तिला दोष दिला नसता. परत येऊन त्यांनी अहवालातल्या 'सहा' वर काट मारली, वर 'तीन' लिहिलं आणि खाली सही केली. "जवळच्या दुकानांत आम्ही नीट कधी गेलोच नाही," त्या म्हणाल्या. "गोदामाने उचललं की झालं, असं चाललं होतं. बघते आता. दोन-तीन महिने ओढाताण होणार." मग दादाकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही पंधराव्या आठवड्यातच बोलला असतात तर माझे अडीच महिने वाचले असते."

आम्ही बाहेर पडलो. वहिनी जिन्यावर काही बोलली नाही. आवारातून जातानाही नाही. ती पुढे, दादा अर्धं पाऊल मागे, मी त्याच्या बाजूला. धुकं अजून उठलं नव्हतं आणि रस्ता पुढे पन्नास पावलांवर संपल्यासारखा दिसत होता. मी मनातल्या मनात पलंग खिडकीपासून हलवून ठेवला, डॉक्टरांचा नंबर शोधला, माझं सामान वर नेलं. फाटक ओलांडलं आणि वहिनी थांबली.

"अहो, तुम्हाला कोणी सांगितलं होतं माझ्या पाकिटांना हात लावायला?"

दादा चपलेतला खडा काढायला वाकला.

"सव्वीस आठवडे. सव्वीस आठवडे मी त्या वाफेत उभी राहून फळी पुसत होते. आणि तुम्ही तिकडे भिंग लावून शिवणी उसवत बसलात? मी काय काचेची आहे? पडले असते तर पडले असते. माझं पडणं माझं मी बघेन. त्या बाईंच्या अडतीस बायका कोण बघणार होतं, तुम्ही?" तिचा आवाज चढत होता. समोरून जाणारा सायकलवाला वळून बघू लागला. "आणि वन्सं, तुम्ही हसू नका, तुम्हालाही माहीत होतं, तुमच्या तोंडावर काल दिसत होतं. दोघं भाऊबहीण सारखीच. आणि ती मऊ बिस्किटं? त्यांचं काय केलंत?"

"खाल्ली," दादा म्हणाला.

"सगळी?"

"टाकली असती तर तुला कचऱ्यात दिसली असती."

"किती?"

"एकशे शहाऐंशी."

"पोटाला काही झालं असतं म्हणजे?" ती म्हणाली, आणि तिथून पुन्हा सुरू झाली, वयाची जाणीव, खाण्याची हाव, लग्नापासूनच्या चुका, एकामागून एक, हातवारे करत, धुक्यात पुढे पुढे चालत. मी तिला इतकं बोलताना वर्षभरात ऐकलं नव्हतं. मध्येच तोंड घालायची माझी सवय सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या रस्त्यावर मी एकदाही तोंड उघडलं नाही. दादा मान खाली घालून बोलणी खात तिच्या मागे चालला होता, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्याने ते पुसलंही नाही. माझ्याकडे झुकून अगदी हळू आवाजात म्हणाला, "ओरडतेय बघ."